मोजक्या पाण्यावरची गावं

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरतीनंतर आणि महाप्रसादाच्या आधी भाषण ठेवण्यामागचा आपल्या कार्यवाहांचा हेतू माझ्या लक्षात आला आहे. समोर भुकेले श्रोते बसले की वक्ता आपोआप आटोपतं घेतो. तेव्हा प्रस्तावना टाळून सरळ विषयाकडेच येतो.

आपण सगळे पोटापाण्यासाठी कोचीत आलो. कुणी वीस वर्षांपूर्वी, कुणी चाळीस. आपल्यापैकी कितीतरी जण रोज वेंडुरुत्ती पुलावरून विलिंग्डन बेटावर कामाला जातात. तिथल्याच धक्क्यावरून लक्षद्वीपची जहाजं सुटतात. तरीही इथल्या मराठी घरांत "लक्षद्वीपला कोण कोण गेलंय?" असं विचारलं, तर फार थोडे हात वर होतात. गावाला जायचं, देवाला जायचं, यातच आपल्या रजा संपतात. आम्ही २०१५ च्या फेब्रुवारीत गेलो. मी, सौ., दहावी जवळ आलेला मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई. आई देवगडकडची, त्यामुळे समुद्राचं तिला कौतुक नाही आणि भीतीही नाही. मुलाच्या अभ्यासाचं काय, हा प्रश्न घरात दोन दिवस गाजला. शेवटी "पुस्तकं बरोबर घे" या अटीवर तह झाला. पुस्तकं आली, आणि जशीच्या तशी परतही आली!

परवाने काढले आणि संध्याकाळी जहाजावर चढलो. पर्यटक असे आम्ही मोजकेच होतो. बाकी सगळी बेटांवरची माणसं. एर्नाकुळमच्या इस्पितळात उपचार घेऊन परतणारे आजी-आजोबा, सुट्टीवर निघालेले कॉलेजचे विद्यार्थी, बाळंतपण उरकून तान्ह्या बाळाला घेऊन निघालेली मुलगी. कुणाजवळ मिक्सर, कुणाजवळ सायकल, कुणाजवळ कांद्याचं पोतं. आपल्याकडची मुक्कामाची एस.टी. डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र पुरं होईल. ही जहाजं म्हणजे त्यांची एस.टी.च. कल्पेनी कोचीपासून जवळजवळ २९० किलोमीटर, मिनिकॉय आणि कवरत्ती चारशेच्या घरात. जहाज रात्री चालायचं आणि दिवसा एकेका बेटापाशी थांबायचं, असा पाच दिवसांचा कार्यक्रम होता.

पहिल्या रात्री सौ.ला बोट लागली. आई मात्र डेकवर खुर्ची टाकून निवांत बसली होती. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मुलाला आकाशातले तारे दाखवले आणि शिडाच्या जहाजांच्या गोष्टी सांगितल्या. लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून बांधलेल्या जहाजांना तिकडे 'ओडम' म्हणत. नारळ, काथ्या आणि सुकी मासळी घेऊन ही ओडमं मंगळूर-कालिकतला जायची आणि तांदूळ घेऊन परतायची. वाट दाखवणारा तो 'माल्मी'. ताऱ्यांची उंची आणि दिशा यांची टिपणं असलेल्या त्यांच्या वह्यांना 'रहमानी' म्हणतात. कवरत्तीच्या एका माल्मीची अशी रहमानी अभ्यासक लोतिका वरदराजन यांनी २००४ साली ग्रंथरूपात आणली. आपण नकाशात बेटांचे ठिपके बघतो. ती माणसं आकाश बघून त्या ठिपक्यांवर अचूक पोचायची.

आता थोडी माहिती सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. वस्ती असलेली बेटं दहा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या वर. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही, टेकडीसुद्धा नाही. समुद्रातून वर आलेल्या जुन्या ज्वालामुखी पर्वतांभोवती प्रवाळांनी कडं बांधलं, पर्वत हळूहळू खाली गेला, प्रवाळ मात्र वर वर वाढत राहिले. भूगोलाच्या पुस्तकातलं कंकणद्वीप ते हेच. कड्याच्या आत उथळ, शांत, हिरवं-निळं लगून. कड्यावर प्रवाळांचा जो चुरा होतो त्याची वाळू, आणि त्या वाळूचं बेट. समुद्रापासून उंची एखाद-दोन मीटर, कुठं थोडी जास्त.

म्हणजे उतरंड अशी: गाव पाण्यावर, पाणी वाळूवर आणि वाळू प्रवाळावर. खालचं मडकं हललं की वरची सगळी कोसळली. मला आज एवढंच सांगायचं आहे, बाकीचा सगळा तपशील.

"पाणी वाळूवर" म्हणजे काय, ते कल्पेनीला कळलं. सकाळी जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहिलं. आत यायला खोली नाही. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतात, खाली होडी लाटेवर वरखाली होत असते. दोन खलाशी तुमचे दोन्ही दंड धरतात आणि लाट वर आली की होडीत सोडतात. आईच्या वेळी मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती होडीत बसून पदर सारखा करत होती.

किनाऱ्याशी माडांच्या सावलीत बायका काथ्या वळत बसल्या होत्या. लगूनच्या कडेला खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवलेली सोडणं बडवायची, धुवायची आणि तंतू काढून दोरी वळायची. आईनं न विचारता त्यांच्यात बसकण मारली आणि मूठभर काथ्या घेऊन तळव्यावर वळायला सुरुवात केली. लहानपणी माहेरच्या वाडीत केलेलं काम. बायका आधी हसल्या, मग जागा करून दिली. बेटावरची बोली म्हणजे 'जसरी', मल्याळमचंच एक रूप. आमची मुलगी इथल्या शाळेत शिकलेली, तिनं दुभाष्याचं काम पत्करलं.

आईनं पाणी मागितलं. एक बाई उठली, अंगणातल्या विहिरीवर गेली. विहीर कसली, पुरुषभर खोल आड. तिनं डोल सोडला, अलगद बुडवला आणि सावकाश वर काढला. माझा मुलगा उत्साहानं पुढं झाला आणि भराभर दुसरा डोल ओढू लागला. बाईनं त्याला थांबवलं. मुलीनं भाषांतर केलं: "घाई केली तर खालचं खारं पाणी वर येतं म्हणतात."

हे शब्दशः खरं आहे, मंडळी. पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सरळ वाळूत मुरतो. खाली समुद्राचं पाणी असतंच. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं, भिंगाच्या आकारात. मधोमध जाड, किनाऱ्याकडे पातळ. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी सापडावं. पण हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून पातळी एक फूट खाली नेली, तर तळातून खारं पाणी चाळीस फूट वर चढणार. डोलानं सावकाश काढलेलं पाणी पुन्हा भरून येतं. विजेचा पंप लावून खेचलं की भिंग फुटतं. भर म्हणून वस्ती दाट, घराघराला शोषखड्डा, आणि त्याच वाळूत विहीर. मुलानं वहीत सूत्र लिहिलं असेल-नसेल, पण त्या बाईचा हात त्यानं पाहिला.

कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा मोठा बांध आहे. कुणी बांधलेला नाही. १८४७ सालच्या वादळानं समुद्रातून उचलून टाकलेले दगड ते. त्या वादळात कल्पेनी आणि आंद्रोत ही बेटं उद्ध्वस्त झाली. अशा वेळी लाट नुसती घरं आणि माड नेत नाही. ती विहिरी खाऱ्या करून जाते. आणि तांदूळ तर बेटावर पिकतच नाही. कण्णूरच्या अली राजांच्या काळी आणि पुढं इंग्रजी अमदानीतही काथ्याचा व्यापार सत्ताधाऱ्यांच्या हाती होता. काथ्या द्यायचा आणि तांदूळ घ्यायचा. भाव ठरवणारा किनाऱ्यावर, पोट बेटावर.

इतक्या मोजक्या जमिनीवर घरं टिकली कशी? याचं एक उत्तर तिथल्या कुटुंबव्यवस्थेत आहे. ही सगळी मुस्लिम वस्ती, पण वंश चालतो तो आईकडून. घर, म्हणजे 'तरवाड', आईच्या वंशाचं. जुन्या रीतीत नवरा रात्री बायकोच्या घरी यायचा आणि दिवसा आपल्या आईच्या घरी राबायचा. मिळकतीचेही दोन वार आहेत. 'वेळ्ळियाळ्च' म्हणजे शुक्रवारची मिळकत, ती तरवाडाची सामाईक. 'तिंगळाळ्च' म्हणजे सोमवारची, ती स्वतः कमावलेली. आपण कोचीकर, वारांची ही नावं आपल्याला वेगळी सांगायला नकोत. सामाईक मिळकत वाटून तुकडे करायचे नाहीत, म्हणून माड आणि माडाखालची जमीन एकत्र राहिली. इस्लाम आणि मातृवंश यांचा हा संसार कसा चालतो, यावरचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक १९६९ साली आलं, तेही एका मराठी घरातल्या बाईंचं. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. सौ.नं हे ऐकल्यावर विचारलं, "म्हणजे इथं सासुरवास नाहीच?" आई म्हणाली, "तुला इथं तरी कुठं आहे?" यावर मी काही बोललो नाही.

रात्रभराच्या प्रवासानंतर मिनिकॉय. हे बेट इतर बेटांपासून दूर, दक्षिणेला. पलीकडे मालदीव. चंद्रकोरीसारखं लांबट बेट, दहा हजारांच्या आसपास वस्ती आणि १८८५ सालचा उंच पांढरा दीपस्तंभ. वर चढल्यावर एका बाजूला लगून, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मध्ये माडांचा पट्टा दिसला. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढंच?" हो, एवढंच.

एवढ्याशा बेटावर शेजारी शेजारी अनेक गावं आहेत. गावाला 'अवह' म्हणतात. प्रत्येक गावाचा निवडलेला मुखिया, त्याला 'बोडुकाका' म्हणतात. बोडु म्हणजे मोठा. बायकांचीही अशीच प्रमुख असते. प्रत्येक गावाचं एक सार्वजनिक घर, झाडून-पुसून, रंगवून, सजवून ठेवलेलं. प्रत्येक गावाची शर्यतीची लांबलचक रंगीत होडी, 'जाहाधोनी'. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या मंडळांत मूर्तीवरून जी चुरस असते, ती तिथं होडीवरून. सामाईक कामाला घरटी माणूस यायचा, हा पूर्वापार रिवाज.

आम्हाला गाव दाखवायला एक निवृत्त खलाशी आले. मिनिकॉयचे पुष्कळ पुरुष व्यापारी जहाजांवर नोकरी करतात. हे काका तरुणपणी मुंबईत गोदीजवळ गावच्याच पोरांबरोबर खोली घेऊन राहिलेले. हिंदी अस्सल मुंबईची. "वडापाव आता कितीला मिळतो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मिनिकॉयची भाषा मल्याळम नाही. ती 'महल', मालदीवच्या दिवेहीची बहीण, लिहायची उजवीकडून डावीकडे. काकांनी मुलीला आकडे शिकवले: एके, दे, तिने... ती चमकली. पाचाला 'फहे'. म्हणजे 'प'चा 'फ' झाला. मग पाण्याला काय म्हणत असतील? 'फेन'! आपल्याकडे फेन म्हणजे फेस. त्यांच्याकडे तेच पाणी. कोचीत इतकी वर्षं आपण आपली भाषा पोरकी समजून घरात जपतो आणि इथून चारशे किलोमीटर भर समुद्रात तिची दूरची चुलत बहीण नांदते आहे! भारतात ती बोलणारी माणसं एवढ्या एका बेटावरची. काकांची नातवंडं शाळेत मल्याळम आणि इंग्रजी शिकतात, घरात महल बोलतात. "घरात बोलली तर राहील," काका म्हणाले. या सभागृहातल्या आई-वडिलांना हे वाक्य मी वेगळं समजावून सांगत नाही.

दुपारी मासेमारीच्या बोटी परतल्या. मिनिकॉयचा मासा म्हणजे कुपा. तो धरायची पद्धत मोठी बघण्यासारखी. पहाटे लगूनमध्ये बोटभर लांबीची बारीक मासळी धरतात आणि बोटीच्या पोटात वाहत्या समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवतात. बाहेर कुप्यांचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकतात, वरून पाण्याचे फवारे मारतात आणि गळानं एकेक मासा झटक्यात बोटीत उडवतात. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून मासा आपोआप सुटून पडतो आणि गळ पुन्हा पाण्यात. जाळं ओढून सगळंच खरवडायची भानगड नाही. उरलेला मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून 'मासमीन' करतात, लाकडासारखा कडक आणि वर्षभर टिकणारा.

पण सगळं अडतं त्या बोटभर मासळीवर. ती लगूनमध्ये, बरीचशी प्रवाळांच्या आडोशाला वाढते. आमिषाची मासळी कुणी, कुठं, कशी धरायची याचे रिवाज गावांनी ठरवलेले आहेत. "आज सगळी धरली तर उद्या कुपा कशानं धरणार?" काकांनी विचारलं. विहिरीवरच्या बाईचाच हिशेब, फक्त माशांच्या भाषेत.

शेवटचा मुक्काम कवरत्ती, लक्षद्वीपची राजधानी. तिथं आम्ही समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करण्याचा प्रकल्प पाहिला. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेनं तो २००५ साली उभारला. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. समुद्राचं वरचं पाणी कोमट असतं. ते हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की कमी दाबामुळे थोड्या पाण्याची वाफ होते. साडेतीनशे-चारशे मीटर खोलवरून लांब नळानं आणलेलं थंडगार पाणी त्या वाफेला निववतं आणि गोडं पाणी गोळा होतं. बेटाच्या कडेला समुद्र एकदम खोल होतो, म्हणून हे साधतं. २०११ साली मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले, पुढं आणखी बेटांवरही. विहिरींवरचा भार हलका झाला, ही मोठीच गोष्ट. पण पंपाला वीज लागते, वीज त्या वेळी बहुतेक डिझेलवर, आणि डिझेल येणार जहाजानं. हिशेब सुटत नाही, फक्त पुढच्या पानावर जातो.

इथवर ऐकून वाटेल, माणसं हुशार आहेत, निभावून नेतील. पण उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं त्यांच्या हातात नाही. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा थोडं जरी जास्त दिवस तापलं, तरी प्रवाळ आपल्या अंगातली रंगीत शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ताप लांबला तर मरतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ साली मोठ्या प्रमाणावर झालं, मग २०१० साली, आणि आम्ही जाऊन आल्यावर पुढच्याच वर्षी, २०१६ साली. मुलांनी कल्पेनीच्या लगूनमध्ये काचेच्या तळाच्या होडीतून जे पाहिलं, त्यातलं किती शिल्लक असेल असं मुलगी तेव्हा विचारत होती. २०२३ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा समुद्र तापला. आपल्याच एर्नाकुळममधल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचं २०२४ साली जाहीर केलं.

प्रवाळ मेले की लाटा अडवणारं कडं झिजतं, नवी वाळू तयार होत नाही, किनारा खचतो. बंगारमजवळ परळी नावाची निर्जन बेटं आहेत. नाव आपल्या परळीसारखंच. त्यातल्या पहिल्या परळीचं क्षेत्रफळ १९६८ साली ०.०३२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आठ एकर होतं. ते बेट पूर्ण झिजून गेल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तिथं वस्ती नव्हती, म्हणून कुणाचं घर गेलं नाही. पण आठ एकर म्हणजे आपल्याकडे एका घराची शेती असते.

ज्यांनी डोल सावकाश ओढला, आमिष मोजून धरलं, जमिनीचे तुकडे केले नाहीत, त्यांच्या पायाखालची वाळू दुसऱ्यांनी जाळलेल्या इंधनामुळे सरकते आहे. त्या दुसऱ्यांत मी आहे, तुम्हीही आहात. मी काही उपाय घेऊन आलेलो नाही. पण चारशे किलोमीटरवरच्या आपल्या शेजाऱ्यांचं काय चाललं आहे, हे निदान आपल्याला माहीत असावं.

जाता आलं तर जरूर जा. मुलांना न्या, म्हाताऱ्या माणसांनाही न्या. आमच्यात सगळ्यात कमी त्रास आईलाच झाला. परवान्याची आणि जहाजाची चौकशी बरीच आधी करा. प्रवाळाचा तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नका, आणि आपला प्लास्टिकचा कचरा परत घेऊन या, कारण तिथं टाकायला जागा नाही. जाणं जमलं नाही, तरी ती माणसं रोज आपल्या गावात असतात. इस्पितळाच्या बाकावर, कॉलेजच्या वसतिगृहात, धक्क्यावर सामानाशी बसलेली. गावाकडचा माणूस भेटला की आपण पहिल्यांदा विचारतो, "काय, पाऊसपाणी कसं आहे?" तेवढंच त्यांनाही विचारा. त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ आहे.

गणपती बाप्पा मोरया!